कोणी सतत मागे लागला असेल तर: सोलापुरातल्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

मंगळवेढा, अक्कलकोट, करमाळा, बार्शीकडून कितीतरी मुली शिकायला सोलापुरात येतात. कोणी होस्टेलवर राहते, कोणी जुळे सोलापुरात तिघी-चौघींत मिळून खोली घेते. गारमेंटच्या शिलाई युनिटमध्ये, विडी कारखान्यात, दवाखान्यात कामाला जाणाऱ्या बायका आणखी वेगळ्या. त्यांच्यातल्या एखादीच्या मागे कोणीतरी लागतो. बसथांब्यावर उभा राहतो, नंबर मिळवतो, नको म्हटले तरी मेसेज पाठवत राहतो. ती घरी सांगत नाही, कारण सांगितले की पहिल्यांदा तिचेच कॉलेज बंद होणार हे तिला ठाऊक असते. हा लेख तिच्यासाठी आहे आणि तिने ज्यांना पहिल्यांदा सांगितले त्या आई, मावशी किंवा मैत्रिणीसाठीही.

पोलीस ठाण्यात आणि कोर्टात बायकांसोबत जाताना मला दिसते ते असे. पाठलागाची केस बहुतेक वेळा दोन प्रश्नांवर उभी राहते किंवा पडते. तुमचा नकार त्याला कळला होता का? आणि कळूनही तो पुन्हा पुन्हा आला का? पुढची सगळी तयारी या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर आणण्यासाठी आहे.

कायदा काय म्हणतो

२०१३ पर्यंत पाठलाग हा आपल्याकडे वेगळा गुन्हाच नव्हता. अंगाला हात लावला, अश्लील बोलला, धमकी दिली तर कलमे होती. नुसता महिनोन्‌महिने मागे फिरला तर पोलिसांना धड कलम सापडत नसे. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांची समिती बसली आणि २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम ३५४ ड आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (बीएनएस) लागू झाली. तिच्यात हाच गुन्हा कलम ७८ मध्ये आहे. प्रकार त्या तारखेआधीचा असेल तर जुने कलम लागते, नंतरचा असेल तर नवे. म्हणून फिर्यादीत तारखा नीट द्याव्या लागतात.

कलम ७८ चे दोन भाग आहेत. पहिल्यात पुरुष स्त्रीचा पाठलाग करतो आणि जवळीक साधण्यासाठी तिच्याशी संपर्क करतो किंवा करायला बघतो, तेही वारंवार आणि तिने नको असल्याचे स्पष्ट दाखवल्यावर. दुसऱ्यात तो तिच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर नजर ठेवतो. या दुसऱ्या भागात नकाराची आणि वारंवारतेची अट लिहिलेलीच नाही. कोणी तुमच्या नकळत तुमचे व्हॉट्सॲप आपल्या लॅपटॉपवर उघडून वाचत असेल, तर ‘तिने कधी नाही म्हटले नव्हते’ हे सांगून त्याला सुटता येत नाही. फोनमधली हेरगिरी ही पाठलागच आहे, हे फार कमी जणींना माहीत असते. त्यामुळे तक्रारीत ती बाब येतच नाही.

‘वारंवार’ हा शब्द मात्र हलक्यात घेऊ नका. एकदा कोणी मागे आला तर तेवढ्यावर हे कलम टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही एका निकालात हेच म्हटले आहे. याचा अर्थ पहिल्या वेळी गप्प बसा असा नाही. पहिल्या वेळेपासूनच नोंद ठेवायची, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हातात काही असते.

अपवाद तीन आहेत: सरकारने गुन्हा रोखण्याचे किंवा शोधण्याचे काम ज्याच्यावर सोपवले आहे तो, एखाद्या कायद्याप्रमाणे वागणारा, आणि त्या परिस्थितीत ज्याचे वागणे योग्य व समर्थनीय होते तो. पण हे सिद्ध करायचे ओझे त्या पुरुषावर आहे. ‘लग्न करायचे होते म्हणून चौकशी करत होतो’ एवढे म्हणून भागत नाही.

शिक्षा पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. एकदा दोषी ठरून पुन्हा तोच गुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येतो. पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे आणि याचे परिणाम फार व्यवहारी आहेत; त्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

कलम पुरुषाने स्त्रीविरुद्ध केलेल्या कृत्यापुरतेच आहे. मुलाच्या मागे कोणी लागले असेल तर धमकी, अडवणूक, बदनामी किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे बघावी लागतात. ही उणीव आहे असे माझे मत आहे.

पहिले काम: एकदा, स्पष्ट, लेखी नकार

आपल्याकडे मुली सहसा कसे नाही म्हणतात ते आठवा. ‘घरचे ओरडतील’, ‘सध्या परीक्षा आहे’, ‘प्लीज राग मानू नका’. चांगुलपणातून आणि भीतीतून आलेली ही वाक्ये कोर्टात उलटतात. समोरचा वकील म्हणतो, मुलीची ना नव्हती, घरच्यांचा विरोध होता, परीक्षा संपायची वाट बघायची होती.

म्हणून मेसेज असा पाठवा: ‘मला तुमच्याशी बोलायचे नाही आणि भेटायचेही नाही. यापुढे फोन किंवा मेसेज करू नका, माझ्या मागे येऊ नका.’ एवढेच. कारण द्यायचे नाही, माफी मागायची नाही, स्मायली लावायची नाही. पाठवल्यावर तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. त्यानंतर त्याचे कितीही मेसेज आले तरी एकालाही उत्तर देऊ नका, रागाचेही नाही. वीस मेसेजनंतर दिलेली एक शिवी ‘संवाद चालू होता’ म्हणून दाखवली जाते.

समोरचा माणूस धोकादायक वाटत असेल, पूर्वी मारहाण केलेला असेल, तर हा मेसेजही पाठवायची सक्ती नाही. नकार शब्दांतच हवा असे कायदा म्हणत नाही. नंबर ब्लॉक करणे, तो दिसताच बाजूला होऊन निघून जाणे, आईने किंवा शिक्षकांनी त्याला समजावणे, हेही नकार दाखवणारे पुरावे आहेत. फक्त ते कोणासमोर आणि कधी झाले हे लिहून ठेवा.

दुसरे काम: वही

शंभर पानी साधी वही पुरते. मोबाइलमध्ये लिहिले तरी चालते, पण वही बरी. फोन हरवतो, फुटतो. नोंद कशी असावी, हे एका उदाहरणाने सांगते.

‘मंगळवार १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१०. सात रस्ता, बसथांबा. काळी मोटरसायकल, एमएच १३, शेवटचे चार आकडे ४-१-७ पर्यंत दिसले, पुढचा दिसला नाही. निळा शर्ट. मी बसमध्ये चढल्यावर आसरा चौकापर्यंत बसच्या मागे. उतरल्यावर “एकदा ऐकून तरी घे” म्हणाला. मी काही बोलले नाही, मेडिकलच्या दुकानात शिरले. सोबत रूममेट होती. ६.४० ला दोन मिस्ड कॉल, नंबर तोच.’

बघा, यात ‘तो मला खूप त्रास देतो’ असे वाक्य कुठेच नाही. तपास अधिकाऱ्याला या एका नोंदीतून चार धागे मिळतात: गाडी, मेडिकलच्या दुकानाचा कॅमेरा, रूममेटचा जबाब आणि कॉल रेकॉर्ड. जे दिसले नाही ते ‘दिसले नाही’ असेच लिहायचे. अंदाजाने आकडा पूर्ण केला आणि तो चुकला, तर उलटतपासणीत सगळी वहीच संशयात येते.

दुकानांच्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग काही दिवसांतच पुसले जाऊन त्यावर नवे चढते. नवी पेठेत किंवा होटगी रोडला काही घडले तर दुकानदाराला त्याच दिवशी विनंती करा की एवढा भाग जपून ठेवा. तो तुम्हाला दिला नाही तरी चालेल. पोलीस लेखी मागू शकतात, पण तेव्हा तो शिल्लक असायला हवा.

तिसरे काम: फोन

सगळ्यात आधी काहीही पुसू नका. घाबरून किंवा किळस येऊन मुली चॅट डिलीट करतात, आणि त्यात सगळ्यात मोठा पुरावा जातो. ब्लॉक करायला हरकत नाही, पण आधी सगळे साठवून. स्क्रीनशॉटमध्ये नाव नव्हे, नंबर दिसला पाहिजे. तुम्ही कोणाचाही नंबर कोणत्याही नावाने सेव्ह करू शकता, हा आक्षेप हमखास येतो. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर असेल तर प्रोफाइलची लिंक उतरवून ठेवा. नाव आणि फोटो तो पाच मिनिटांत बदलतो.

नंतर व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा. तिथे तुमचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर लॉगआउट करण्याआधी त्या पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढा. कलम ७८ च्या दुसऱ्या भागाचा तो थेट पुरावा आहे. गूगल खात्यात कोणकोणती उपकरणे जोडली आहेत, मॅप्समध्ये लोकेशन कोणाला दिसते, तेही तपासा. जुन्या मित्राला कधीतरी सांगितलेला पासवर्ड अजून तोच असतो, असे फार वेळा निघते.

मूळ फोन जपा. रिसेट करू नका, विकू नका. मोबाइलमधली माहिती कोर्टात पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वकील किंवा तपास अधिकारी सांगतील तेव्हा द्यायचे. आत्ता फक्त कोणता स्क्रीनशॉट कोणत्या फोनवर कधी काढला ते वहीत लिहा.

खोटे खाते काढले असेल, फोटो जोडून अश्लील केला असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क, ६६ ड, ६६ ई, ६७ ही कलमेही लागू शकतात. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. महिला आणि मुलांसाठी तिथे वेगळा विभाग आहे.

चौथे काम: पोलीस ठाणे

आत्ता, या क्षणी मागे कोणी असेल तर ठाण्याचा विचार नको, ११२ लावा. महिलांसाठी १०९१ आणि १८१ आहेत, रेल्वेत १३९. कॉलेज आणि बसस्टँडच्या आसपास दामिनी पथकाची, म्हणजे महिलांच्या सुरक्षेसाठीच्या पोलीस पथकाची, गाडी दिसली तर थेट तिच्याकडे जा.

तक्रार द्यायची तर सोलापूर शहर पोलीस आयुक्तालयाखाली येते आणि जिल्ह्यातले तालुके ग्रामीण पोलीस अधीक्षकांखाली. शहरात सदर बझार, फौजदार चावडी, जेल रोड, जोडभावी पेठ, विजापूर नाका, एमआयडीसी, सलगर वस्ती अशी ठाणी आहेत. हद्दीचा घोळ घालून कोणी ‘आमच्याकडे येत नाही, तिकडे जा’ म्हटले तर लक्षात ठेवा, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो आणि तो मग योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस तपास आणि कोर्टाच्या कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ मध्येच हे आहे. ऑनलाइन पाठवलेली फिर्यादही चालते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

ठाणे अंमलदारासमोर बसल्यावर बहुतेक वेळा पहिले वाक्य येते, ‘आधी अर्ज द्या, बघू.’ इथे तीन कागदांतला फरक कळायला हवा. अर्ज म्हणजे चौकशीची विनंती. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तिच्यावर कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. एफआयआर म्हणजे गुन्हा दाखल. पाठलाग दखलपात्र आहे, त्यामुळे एनसीवर समाधान मानू नका. शांतपणे म्हणा, ‘साहेब, हा बीएनएस ७८ चा दखलपात्र गुन्हा आहे, माझी फिर्याद नोंदवून घ्या.’ दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितले आहे. नागरिक सुरक्षा संहितेने तीन ते सात वर्षांच्या दरम्यान शिक्षा असलेल्या काही गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा दिली आहे. तसे सांगितले गेले तर चौकशी कोणत्या तारखेला सुरू झाली ते लेखी मागा. आणि अर्जच द्यावा लागला, तर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

तुमची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवली पाहिजे. कलम ७८ साठी तो तुमचा हक्क आहे. लिहिलेले वाचून दाखवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या कितीतरी बायका आहेत. पोलिसी मराठीतला मजकूर समजला नाही तर समजणाऱ्या कोणाला तरी सोबत न्या आणि कळेपर्यंत सही करू नका. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नंतर दंडाधिकाऱ्यांसमोरही तुमचा जबाब होतो, शक्यतो महिला दंडाधिकाऱ्यांसमोर. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तुम्हाला कळवायची जबाबदारी पोलिसांची आहे.

फिर्यादीत काहीही लपवू नका, लाजेने तर नाहीच. त्याने हात धरला होता, ओढणी ओढली होती, हे सांगितले नाही तर फक्त कलम ७८ लागते. सांगितले तर कलम ७४, म्हणजे विनयभंग, जे अजामीनपात्र आहे आणि ज्यात किमान एक वर्ष शिक्षा आहे. ‘ॲसिड टाकेन’, ‘फोटो व्हायरल करेन’ म्हणाला असेल तर कलम ३५१ ची धमकी. खाणाखुणा, शिट्ट्या, घाणेरडे बोल यांना कलम ७९. फिर्यादी अनुसूचित जाती-जमातीची असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमेही लागू होऊ शकतात. पहिल्या दिवशी न सांगितलेली गोष्ट महिन्याने सांगितली की ‘नंतर सुचलेली’ ठरवली जाते.

गुन्हा नोंदवलाच नाही तर शहरात पोलीस आयुक्तांना, जिल्ह्यात अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवा. तिथेही काही झाले नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

समजुतीचा कागद

अनेकदा त्याला बोलावून दम दिला जातो, ‘पुन्हा असे करणार नाही’ असा माफीनामा लिहून घेतला जातो आणि दोन्हीकडचे लोक म्हणतात, जाऊ दे की, पोरीचे नाव खराब होईल. प्रकरण कुठवर न्यायचे हा निर्णय तुमचा. काही वेळा दम पुरतो, हेही खरे. पण त्या माफीनाम्याची प्रत मागून घ्या. त्याला तुमचा नकार माहीत होता आणि आधीचे प्रकार त्याने कबूल केले होते, हे दाखवणारा त्याच्याच सहीचा तो कागद आहे. तो पुन्हा आला की केसची सुरुवात तिथून होते.

जामिनाची रात्र

पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र असल्याने फक्त कलम ७८ असेल तर तो त्याच दिवशी ठाण्यातूनच सुटू शकतो. पोलिसांनी पैसे खाल्ले असे लगेच समजू नका. कायदाच तसा आहे. पण याचा अर्थ असा की फिर्याद देण्याआधी पुढचे आठ-पंधरा दिवस कसे काढायचे ते ठरवले पाहिजे. येण्या-जाण्याची वेळ आणि वाट बदला. होस्टेलच्या वॉर्डनला, युनिटच्या सुपरवायझरला, घरमालकाला त्याचा फोटो दाखवून ठेवा. शेअर रिक्षाने एकटीने उशिरा येणे टाळा, कोणाला तरी आसरा चौकात घ्यायला बोलवा. गड्ड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत ओळखीच्या घोळक्यातच राहा. हे सगळे तिने करावे लागते याचा मलाही राग येतो, पण त्या रात्री राग कामाला येत नाही.

जामिनावर असताना त्याने पुन्हा संपर्क केला, किंवा त्याच्या मित्रांनी केस मागे घे म्हणून दबाव टाकला, तर प्रत्येक वेळी लेखी कळवा. जामीन रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. पोलिसांना चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, करून त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेता येतो, आणि सराईत असेल तर तडीपारीचा प्रस्तावही जातो.

धोक्याच्या खुणा ओळखा: हत्याराचा किंवा ॲसिडचा उल्लेख, ‘माझी नाही तर कोणाचीच नाही’ ही भाषा, आत्महत्येची धमकी, तुमचे लग्न ठरल्यावर वाढलेला पाठलाग. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. तो माणूस आधीपासून तिच्या मागे लागलेला होता. यातली एकही खूण दिसली तर ‘बघू चार दिवस’ म्हणू नका.

अठरा वर्षांखालील मुलगी, कामाची जागा, नवरा

मुलगी अठराच्या आत असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा लागतो. लैंगिक हेतूने मुलाचा किंवा मुलीचा सतत पाठलाग करणे, पाळत ठेवणे, संपर्क करणे हा त्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा आहे. इथे मुलगेही संरक्षणात येतात. मुलीचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी, साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. माहिती असून न कळवणे हाही गुन्हा आहे, हे शिक्षकांनी विसरू नये. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे.

मागे लागणारा सुपरवायझर किंवा सहकारी असेल तर पोलिसांखेरीज आणखी एक वाट आहे. दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान कारखाना असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार द्यायची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे, ती चुकवू नका.

वेगळा राहणारा नवरा कामाच्या ठिकाणी येऊन उभा राहत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश मागा. त्यात त्याला फोन करायला, कामाच्या जागी यायला मनाई करता येते, आणि आदेश मोडणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

वकिलाचे पैसे

पैशाअभावी थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर विचारा. जाताना आधार कार्ड, एफआयआरची किंवा अर्जाची पोच, आणि ती वही न्या. प्रकार जुना असला तरी एकदा दाखवा: तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला साधारण तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे वर्ष-दीड वर्ष गप्प राहिलेल्या मुलीचीही वेळ टळलेली नसते.